तेव्हा एकोणतीस होता

मे महिन्यात चिरंजीवांचा बारावीचा रिझल्ट लागला, बरा लागला, म्हणून पेढे घेऊन आम्ही दोघं ओल्ड पादरा रोडला काकूकडे गेलो. दुपारचे चार, बडोद्यातला मे, स्कूटरच्या सीटवर रुमाल टाकून बसावं लागतं इतकं ऊन. काकूने पन्हं दिलं, पेढा देवापुढे ठेवला आणि गुडघ्यावर हात दाबत उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं, डांबरगोळ्यांचा वास बाहेरपर्यंत आला. परत आली तेव्हा हातात पाकीट, वर कुंकवाचं बोट. आत एक नोट, मऊ पडलेली, चार घड्यांची, पाच कुवेती दिनारची. पोराने उलगडून बघितली आणि म्हणाला, "आजी, ही तर शून्याची नोट आहे." कारण अरबीतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो. काकू हसली, नोट उलटी करून इंग्रजी बाजू दाखवली. मग त्याने मोबाईल काढला, खटाखट काहीतरी दाबलं आणि ओरडला, "मम्मी, चौदाशे रुपये! पाचचे चौदाशे!" काकू रिकामे ग्लास उचलत होती. ग्लासांकडेच बघत म्हणाली, "तेव्हा एकोणतीस होता." आणि आत गेली, नळ सुरू झाला.

पोराला काही कळलं नाही. मला कळलं.

काकूच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते. तिने ते नुसतं म्हटलं, म्हणजे आपण म्हणतो ना, "तेव्हा इथे चिंचेचं झाड होतं", तसं. पण मला ते लागलं, कारण एकोणतीसचा आकडा आमच्या घरात एकाच गोष्टीसाठी होता. आमच्या कारेलीबागच्या फ्लॅटसाठी.

बाबांच्या डायऱ्या माळ्यावर आहेत. किराणावाले दिवाळीला फुकट देतात तसल्या, वर लक्ष्मीचं चित्र, आत बाबांचं मुंगीएवढं अक्षर. दूध, गॅस, रद्दी विकली, आईचं चष्म्याचं काच बदललं, सगळं तारखेनिशी. त्या रात्री मी दोन डायऱ्या शोधून काढल्या, शिंका देत देत. १९८० ची: "बाळचा ड्राफ्ट आला. रु. २९,०००. फ्लॅटचे भरले." आणि १९९४ ची: "बाळचे सर्व परत. रु. २९,०००. देणे नाही." आणि खाली दोन रेघा. बाळ म्हणजे काका, बाबांचा धाकटा भाऊ, कोयलीच्या रिफायनरीतली नोकरी सोडून १९७६ ला कुवेतला गेला, फहाहीलला राहायचा. बाबांचं एक वाक्य होतं, ते जेवताना म्हणायचे, पाहुण्यांपुढे म्हणायचे, एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ऐकवलं होतं: "मी कुणाचा एक पैसा ठेवला नाही." आम्ही त्या वाक्यावर मोठे झालो. धाकट्या भावाकडून पैसे घ्यायला लागले याची त्यांना मनातून लाज होती, आणि चौदा वर्षांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून, काकाच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, वर एक रुपया ठेवून त्यांनी पाकीट काकाच्या हातात दिलं, तो दिवस त्यांच्यासाठी सणाचा होता. मी तिथे होते. मंडपात गुलाबपाणी आणि कांद्याची फोडणी असा मिसळलेला वास होता. काकाने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, आणि म्हणाला, "बरोबर आहेत दादा."

काकू दारात उभी होती, हातावरची मेंदी सुकवत.

आता हिशोब सांगते, फार अवघड नाहीये. काकाने १९८० ला पाठवले ते रुपये नव्हतेच मुळी. त्याने फहाहीलमधल्या बँकेत मोजून दिले ते एक हजार दिनार. दिनार तेव्हा एकोणतीस रुपयांच्या घरात होता, म्हणून इकडे ड्राफ्ट एकोणतीस हजारांचा निघाला. एक हजार दिनार म्हणजे काकाचा पाच महिन्यांचा पगार, आणि तोही एसी नसलेल्या खोलीत चौघांनी राहून वाचवलेला. १९९४ ला बाबांनी एकोणतीस हजार परत दिले तेव्हा दिनार एकशेपाचच्या आसपास होता. म्हणजे काकाच्या हातात पडले ते दोनशे शहात्तर दिनार. हजारातले दोनशे शहात्तर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मी ते तीन वेळा केलं, काहीतरी चुकतंय म्हणून. मग म्हटलं सोन्यात करून बघू. १९८० ला दहा ग्रॅम साधारण तेराशेला होतं, १९९४ ला साडेचार हजारांच्या वर. म्हणजे वीस-बावीस तोळे घेतले आणि सहा तोळे परत केले. सोन्यानेही काकाचीच बाजू घेतली. पंखा गरगरत होता, डायरीची पानं फडफडत होती, आणि "देणे नाही"च्या खालच्या त्या दोन रेघा मला एकदम फार ठळक वाटायला लागल्या.

बाबांना हे माहीत नव्हतं का? हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच झोप लागली नाही. दर रविवारी सकाळी काकाचा फोन यायचा, आयएसडी, मिनिटावर पैसे, त्यामुळे सगळं घाईघाईत. तब्येत, पाऊस, मुलांचे मार्क, आणि मग बाबा न चुकता विचारायचे, "काय रे, काय रेट?" काका सांगायचा आणि बाबा ते पेपरच्या कडेला लिहायचे. का लिहायचे कोण जाणे, ना आमच्याकडे दिनार होते ना घ्यायचे होते. बहुतेक क्रिकेटचा स्कोअर लिहितात तसं. एक्काण्णवच्या जुलैत रुपयाची किंमत तीन दिवसांत दोनदा उतरवली तेव्हा तर बाबा पेपर ठेवून आईला म्हणाले होते, "आपला रुपया पार झोपला." म्हणजे माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात उसने घेतले होते रुपये, तर परत करायचे तेही रुपयेच. वाटीभर साखर आणली तर वाटीभर परत द्यायची, मधे साखर महाग झाली म्हणून कुणी पाव वाटी देत नाही. हे बाबांचं लॉजिक, मी त्यांच्या जागी बसून पुन्हा पुन्हा करून बघितलं, आणि ते दर वेळी बरोबर येतं. वैताग असा की काकाच्या जागी बसून केलं की तेही बरोबर येतं.

काकाला या विषयाचं भारी वेड होतं. सुट्टीला आला की जेवणं झाल्यावर गॅलरीत आम्हा पोरांना घेऊन बसायचा, पुढ्यात लिलो चिवडो, आणि सुरू. "अगं, एकेकाळी तिकडे आपलाच रुपया चालायचा, माहितीये का?" कुवेत, बहरीन, कतार, सगळीकडे. मग तो रुपया देऊन लोक सोनं घ्यायचे, ते इकडे चोरून आणायचे आणि तिकडचे रुपये परत आपल्याच रिझर्व्ह बँकेकडे यायचे परकीय चलन मागत. म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या, रंग वेगळा, नंबराच्या आधी झेड. किंमत मात्र तीच, आपल्या रुपयाएवढी. १९६१ ला कुवेतने स्वतःचा दिनार काढला, एक दिनार म्हणजे एक पौंड, म्हणजे तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश. हे तेरा रुपये काका असं सांगायचा की जणू त्याच्याच खिशातले गेले. "तेरा! आणि सहासष्टच्या जूनमध्ये आपण रुपया पाडला, डॉलर पावणेपाचवरून साडेसातवर, की दिनार एका रात्रीत एकवीस." बाकीच्या आखाती देशांनीही त्याच्या आगेमागे आपला रुपया सोडला, एकेकाने. शेजारच्याने आपल्याकडची उसनी ताटं परत पाठवावी तसं, असं काका म्हणायचा, आणि चिवड्यातली शेंगदाण्याची फक्की मारायचा.

आजी आतून ऐकत असायची. तिला दिनार-बिनार कळत नव्हतं पण मुद्दा बरोबर कळायचा. ती म्हणायची, हुंडणावळ, म्हणजे चलनाची अदलाबदल, आली की कुणीतरी बुडतंच. तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी बडोद्यात गायकवाडांचा बाबाशाही रुपया होता आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही चांदीचे, दोन्ही रुपयेच, पण कलदार हवा तर बाबाशाहीला बट्टा, म्हणजे काहीतरी कापून घ्यायचे. पगार बाबाशाहीत आणि मुंबईकडे काही पाठवायचं तर ते कलदारात. सराफ नाणं दगडावर वाजवून बघायचा म्हणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याने बाबाशाही बंदच केला. आमच्या देवात एक आहे अजून, झिजून बिस्किटासारखा गुळगुळीत झालेला, दिवाळीला त्याला दूध-पाण्याची अंघोळ. नावाला बट्टा लागला असं आपण सहज म्हणतो, पण तो शब्द सराफाच्या पेढीवरून आलाय हे मला आजीमुळे कळलं. असो, मी भरकटले.

ऑगस्ट १९९०. इथे मात्र मला थांबायलाच हवं, कारण काकूच्या एकोणतीसला माझ्याकडे जर काही उत्तर असेल तर ते या वर्षात आहे. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि फोन बंद झाले. तेव्हा दिनार साठ रुपयांच्या घरात होता, आणि मग इराकने जाहीर केलं की कुवेती दिनार आणि इराकी दिनार सारखेच, आणि पुढे तर कुवेती दिनार रद्दच. म्हणजे जगातलं सगळ्यात महाग म्हणावं असं चलन, आणि त्याला घ्यायला कुणी तयार नाही. काका, काकू आणि माझी चुलतबहीण बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, वाळवंटात तंबूत काही दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं तशी आली, दोन महिन्यांत. आमची तीन सप्टेंबरात आली. मला आठवतंय ते बडोदा स्टेशन, पहाट, काकूचे पाय सुजून चपलेतून बाहेर आलेले, आणि काखेत एक निडोचा डबा. दूध पावडरचा पिवळा डबा. तिने तो कुणाच्या हातात दिला नाही, रिक्षातही मांडीवर.

डब्यात सहाशे चाळीस दिनार होते. चौदा वर्षांतले तेवढे हाताशी होते, बाकी बँकेत अडकलेलं.

अकरा महिने ते आमच्याकडे राहिले. दोन खोल्या, किचन, सात माणसं. ज्या फ्लॅटसाठी हजार दिनार आले होते त्याच फ्लॅटमध्ये. सकाळी बाथरूमची लाईन, रात्री गॅलरीत खाटा. बाबांनी त्या अकरा महिन्यांचा एक पैसा घेतला नाही, डायरीतही लिहिला नाही, मी मुद्दाम बघितलं. बहिणीची शाळेची फी, काकूचं गर्भाशयाचं ऑपरेशन, काही काही नाही. गॅस आहे, रद्दी आहे, ते नाही. काका सुरुवातीला डबा घेऊन रावपुऱ्यात, मुंबईत, कुठे कुठे फिरून आला, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, "भाई, रेटज नथी." भाव कमी आहे असं नाही, भावच नाही. फेब्रुवारीत कुवेत सुटलं, मार्चमध्ये तिथे नव्या नोटा आल्या आणि जुन्या बदलून द्यायचं ठरलं, पण इराकींनी सेंट्रल बँकेतून लुटून नेलेल्या नोटांचे नंबर बाद. कुणाकडून तरी यादीची झेरॉक्स आली. तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर लख्ख आहे: जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर नोटा, बाबांच्या हातात आजोबांचं भिंग. बाबा एकेक आकडा वाचतायत, काका यादीत बोट फिरवतोय. "आहे?" "नाही." "आहे?" "नाही दादा." असं दोन तास. शेवटी दहाच्या चार नोटा सापडल्या यादीत, शेवटच्या आठवड्यात कुणीतरी गळ्यात मारलेल्या. बाबांनी त्या चार बाजूला ठेवल्या, इतक्या हळूच की जणू भाजलं होतं त्यांना. ऑगस्टमध्ये काका परत गेला, उरलेल्या घेऊन.

गंमत बघा, गंमत म्हणजे काय, पण दुसरा शब्द सुचत नाही. त्या युद्धाने तेल महागलं, आखातातून येणारे पैसे आटले, आणि आपल्या देशाची तिजोरी आधीच खाली होती ती तळाला गेली, सोनं गहाण पडलं, रुपया घसरला. म्हणजे ज्या युद्धाने काकाला निडोच्या डब्यावर आणलं त्यानेच रुपयालाही खाली ओढलं, आणि त्यामुळेच नंतर काका जे दिनार पाठवायला लागला त्याचे इकडे जास्त रुपये व्हायला लागले, आणि त्यामुळेच बाबांचे एकोणतीस हजार हलके झाले. ओल्ड पादरा रोडचं काकूचं घर या घसरलेल्या रुपयावर उभं आहे. आमचा फ्लॅट न घसरलेल्या. मी हे सगळं एका कागदावर मांडायला गेले, डावीकडे काका, उजवीकडे बाबा. डावीकडे सातशे चोवीस दिनार लिहिले. उजवीकडे अकरा महिने लिहिले, त्याच्यापुढे काय लिहायचं कळेना. भाडं? धान्य? काकूला ऑपरेशननंतर आईने सव्वा महिना न्हाऊ-माखू घातलं, त्याचा रेट काय? कागद मी चुरगळला नाही, तो डायरीत ठेवलाय, अर्धा.

बरं, ती नोट. चार दिवसांनी अलकापुरीत गेले बदलायला. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर लाल आकडे पळतायत, प्रत्येक देशाच्या झेंड्यापुढे दोन दोन, एक घ्यायचा एक विकायचा. मधला फरक म्हणजे आजीचा बट्टाच की, फक्त आता दगडावर वाजवत नाहीत, निळ्या दिव्याखाली धरतात. काउंटरवरच्या मुलाने नोट धरली, उलटी केली, परत धरली आणि माझ्याकडे सरकवली. "बेन, आ जूनी सिरीज छे. नहीं चाले." कुवेतने २०१४ ला नव्या नोटा काढल्या, ही जुनी पुढच्याच वर्षी व्यवहारातून गेली. नंतरही तिथल्या सेंट्रल बँकेत बदलून मिळत होती, दहा वर्षं. ती मुदत २०२५ च्या एप्रिलमध्ये संपली. एप्रिलमध्ये! पेढे घेऊन गेले त्याच्या महिनाभर आधी. मुलगा चांगला होता, म्हणाला, "यादगिरी तरीके राखो ने." बाहेर आले तर डोळ्यांसमोर अंधारी आली, उन्हाने. उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहिले आणि नोट पुन्हा उलगडून बघितली. शून्याचीच दिसत होती.

काका गेल्याला सहा वर्षं झाली. त्याने जाताना ठेवलेल्या नोटांमधली ही शेवटची की आणखी आहेत कपाटात, मला विचारायचा धीर झाला नाही. घरी येऊन पोराला मी माझ्या पर्समधले चौदाशे दिले, आणि नोट १९९४ च्या डायरीत ठेवली, त्या दोन रेघांवर.

आठवड्याने काकूचा फोन आला.

"बदललीस का गं ती नोट?"

"हो काकू."

"किती आले?"

"चौदाशे."

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. "पूर्ण चौदाशे?"

"हो. पूर्ण."

"कापलं नाही काहीच?"

मी काहीतरी पुटपुटले, ओळखीचा होता म्हणाले, त्याने दिला भाव. काकू थोडा वेळ गप्प बसली. ती चौदा आणि वर पुन्हा पंधरा वर्षं कुवेतला राहिलेली बाई, दर महिन्याच्या एक तारखेला काकाबरोबर एक्स्चेंजच्या रांगेत उभी राहिलेली.

"अगं मोबाईलवरचा भाव कुठला दुकानदार देतो?" म्हणाली. मग मिक्सर परत सुरू झाला, आणि त्या आवाजातूनच ओरडून, "कैरीचं लोणचं घातलंय, येताना बरणी आण, काचेची आण, गेल्या वेळेसारखी प्लास्टिकची नको."